परभाषा आणि मैत्रीभाव : स्पॅनिश संभाषणाच्या निमित्ताने

इंग्रजी ही ज्याची जन्मभाषा आहे अशा माणसाने स्पॅनिश शिकावयास घेतली, की पहिल्या आठवड्यातच त्याचा आत्मविश्वास दुणावतो. लिपी तीच, अक्षरे तीच. ‘ओस्पिताल’ म्हणजे रुग्णालय, ‘इंपोर्तान्ते’ म्हणजे महत्त्वाचे, ‘अनिमाल’ म्हणजे प्राणी. लॅटिनच्या समाईक वारशामुळे हजारो शब्द ओळखीचे चेहरे घेऊनच त्याच्यापुढे येतात. काही महिन्यांत तो स्पॅनिश वर्तमानपत्राचा अग्रलेख अर्धाअधिक वाचू लागतो. आणि मग एके दिवशी मेक्सिकोतील बाजारात, माद्रिदच्या बसथांब्यावर किंवा स्वतःच्याच देशातील लॉस एंजेलिसच्या एखाद्या गल्लीत दोन माणसांचे साधे बोलणे त्याच्या कानांवर पडते. त्यातले अवाक्षरही त्याला कळत नाही. अग्रलेख समजणाऱ्या माणसाला शेजारीण दारात उभी राहून काय म्हणाली, एवढे मात्र समजत नाही.

हा अनुभव स्पॅनिश शिकणाऱ्या बहुतेक इंग्रजी भाषकांना येतो. त्याचे कारण शब्दसंग्रहाची उणीव असे सहसा सांगितले जाते, आणि अधिक शब्द पाठ करा असा उपाय सुचवला जातो. माझे मत वेगळे आहे. शब्द अपुरे पडतात हे खरे. पण मोठा अडथळा आपल्या भाषेचा साचा हाच जगाचा साचा आहे, या न तपासलेल्या समजुतीचा असतो. हा अडथळा दूर करण्यासाठी बुद्धीइतकीच समोरच्या माणसाविषयीच्या आदराची आवश्यकता असते. स्पॅनिश ही सुमारे वीस देशांची राजभाषा आहे. एकट्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत चार कोटींहून अधिक लोक घरात ती बोलतात, आणि त्यांतील अनेकजण शेतात, बांधकामावर, उपाहारगृहांच्या मुदपाकखान्यात राबणारे आहेत. म्हणून तेथे हा प्रश्न भाषेच्या वर्गात सुरू होत असला, तरी कष्टकऱ्यांच्या प्रतिष्ठेपर्यंत जाऊन पोहोचतो. आपल्या स्मरणिकेत त्याची चर्चा करावीशी वाटली ती याचसाठी.

प्रथम साच्याचा विचार करू. इंग्रजी माणूस ‘मी आंबा आवडतो’ अशा धर्तीचे वाक्य बोलतो. त्याच्या वाक्यात ‘मी’ कर्ता असतो आणि आंबा कर्म. स्पॅनिशमध्ये तो हीच रचना करू पाहतो आणि चुकतो. तेथे ‘मे गुस्ता एल मांगो’ असे म्हणतात, आणि आंबे अनेक असले की ‘मे गुस्तान लोस मांगोस’. क्रियापद बदलते ते आंब्याच्या वचनाप्रमाणे. इंग्रजी भाषकाला हे उलटे वाटते आणि त्याचा सराव करण्यात त्याचे महिनेच्या महिने जातात. मराठी मुलाला मात्र यात नवल वाटण्याजोगे काहीच नाही. ‘मला आंबा आवडतो’, ‘मला आंबे आवडतात’ हे तो तिसऱ्या वर्षापासून बोलत आला आहे. त्याचप्रमाणे भूक, तहान, झोप, थंडी या गोष्टी इंग्रजीत माणूस स्वतः ‘असतो’. स्पॅनिशमध्ये त्या माणसाजवळ असतात. ‘तेंगो आंब्रे’ म्हणजे शब्दशः ‘माझ्याजवळ भूक आहे’. वयसुद्धा तेथे जवळच असते. वीस वर्षांचा तरुण ‘माझ्याजवळ वीस वर्षे आहेत’ असे सांगतो. आपल्याकडे भूक लागते आणि थंडी वाजते. तीन भाषांनी एकाच देहधर्माकडे तीन बाजूंनी पाहिले आहे. त्यांतील एकच बाजू सरळ आणि बाकीच्या वाकड्या, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

याहून सूक्ष्म उदाहरण हातून पेला पडण्याचे आहे. इंग्रजी माणूस ‘मी पेला पाडला’ अशा अर्थाचे वाक्य सहज बोलून जातो; त्यात हेतू नव्हता हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. स्पॅनिश माणूस म्हणतो, ‘से मे कायो एल बासो’. पेला पडला, आणि त्या पडण्याशी माझा संबंध होता, एवढेच त्यात आहे. विसरण्याविषयीही तो अशीच रचना वापरतो. ही वाक्ये ऐकून, ही माणसे जबाबदारी झटकतात, असा शेरा इंग्रजी भाषक अनेकदा मारतात. मराठीत ‘माझ्या हातून पेला पडला’ आणि ‘मी पेला पाडला’ ही दोन वाक्ये एकच नव्हेत, हे आपणांस ठाऊक आहे. पहिल्यात अपघात आहे, दुसऱ्यात कृती. भगवान बुद्धांनी कर्माचा विचार करताना चेतनेला, म्हणजे हेतूला, मध्यवर्ती स्थान दिले. जी भाषा हेतुपुरस्सर कृती आणि नकळत घडलेली गोष्ट यांत व्याकरणानेच भेद करते, तिला बेजबाबदार ठरवणे हा न्याय नव्हे. येथे भाषेचे अज्ञान माणसांविषयीचा पूर्वग्रह होऊन बसते, आणि धोका नेमका तेथेच आहे.

‘उद्या’ या अर्थाच्या ‘मान्याना’ या शब्दाचेही असेच झाले आहे. स्पॅनिश बोलणारे लोक आळशी, सर्व कामे उद्यावर टाकणारे, अशी थट्टा इंग्रजी भाषक जगात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मेक्सिकोत ‘आओरीता’ हा शब्द सतत ऐकू येतो. ‘आओरा’ म्हणजे आता. त्याला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून ‘आओरीता’ होतो. शब्दकोश त्याचा अर्थ ‘आत्ता, याच क्षणी’ असा देईल. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘लगेच’, ‘थोड्या वेळाने’ किंवा ‘बघू कधीतरी’ यांपैकी काहीही असू शकतो; तो स्वरावरून, चेहऱ्यावरून आणि बोलणाऱ्या दोघांच्या नात्यावरून ठरतो. इंग्रजी पाहुणा घड्याळ पाहत बसतो आणि आपल्याला फसवले असे मानतो. ‘आत्ता आलो’ म्हणून गेलेला आपला मित्र तासाभराने उगवला, तर त्याला खोटारडा म्हणण्याचे आपल्या मनातही येत नाही. त्या ‘आत्ता’मध्ये वेळ सांगितलेली नसून आपुलकी सांगितली होती, हे आपण जाणतो. परक्याच्या ‘आत्ता’ला मात्र हीच सवलत देण्यास माणूस तयार होत नाही.

रोजच्या सौजन्याचे शब्द तर शब्दशः कधीच उलगडत नाहीत. आभार मानल्यावर स्पॅनिश माणूस ‘दे नादा’ म्हणतो. त्याचा शब्दार्थ ‘कशाचे नाही’ आणि भावार्थ आपल्या ‘त्यात काय एवढे!’ याच्याजवळचा. हाक मारल्यावर इंग्रजी माणूस ‘येतो आहे’ म्हणतो. स्पॅनिश माणूस त्याच जागी ‘या बोय’, म्हणजे ‘आता जातो’, असे उत्तर देतो, आणि आपण तर जागचे हललेलेही नसताना ‘आलो!’ म्हणून मोकळे होतो. इतकेच काय, निरोप घेऊन जाताना आपण ‘येतो’ म्हणतो. यांतील एकही वाक्य खोटे नाही. मेक्सिकोतील साध्या खाणावळीत जेवण आटोपून बाहेर पडणारा माणूस अनोळखी जेवणाऱ्यांना ‘प्रोवेचो’ म्हणून जातो. शब्दार्थ ‘लाभ’. इंग्रजी भाषक गोंधळतो, कारण त्याच्या भाषेत यासाठी स्वतःचा शब्दच नाही. तो फ्रेंचकडून उसना घेतो. आपल्या पंगतीतील ‘सावकाश होऊ द्या’ हे मात्र त्या ‘प्रोवेचो’चे सख्खे भावंड आहे.

याविषयी ज्याला शंका असेल त्याने आपलाच ‘जय भीम’ घ्यावा. एखाद्या परदेशी पाहुण्याला त्याचा शब्दशः अर्थ ‘भीमाचा विजय असो’ असा सांगून पाहावा. शब्द त्याला कळतील. पण त्या दोन शब्दांत स्वाभिमान, समता, एकमेकांची ओळख पटल्याचा आनंद आणि एका महापुरुषाविषयीची कृतज्ञता एकत्र नांदते, हे त्याला त्यातून मुळीच कळणार नाही. ते कळण्यासाठी त्याला आपल्यात येऊन बसावे लागेल. परभाषेतील प्रत्येक अभिवादनामागे असा एखादा इतिहास असतो, असे मानून चालणे हेच शहाणपणाचे.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळतो. समोरच्या एकट्या माणसाला उद्देशून बोलताना स्पॅनिशमध्ये दोन सर्वनामे आहेत : ‘तू’ आणि ‘उस्तेद’. यांतील ‘तू’ हा उच्चाराने आणि अर्थानेही आपलाच ‘तू’ आहे. दोन्ही भाषांचे मूळ एकाच इंडो-युरोपीय कुळात असल्याची ती खूण. ‘उस्तेद’ हा ‘बुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, अशा अर्थाच्या जुन्या आदरार्थी संबोधनाचा झिजून झालेला शब्द आहे. इंग्रजीतही पूर्वी असे दोन शब्द होते. पण सतराव्या शतकाच्या सुमारास त्यांतील एकेरी शब्द सर्वसाधारण बोलण्यातून मागे पडला, आणि राजापासून भिकाऱ्यापर्यंत सर्वांना एकच सर्वनाम उरले. म्हणून इंग्रजी भाषकाला वाटते, की हा भेद जुनाट आहे आणि ‘तू’ एवढे शिकले तरी काम भागते. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या धड्यातही बहुधा त्याला ‘तू’च भेटतो.

एखाद्या अमेरिकी हॉटेलाचा मुदपाकखाना डोळ्यांपुढे आणावा. भांडी घासणारी साठीची स्त्री ग्वातेमालाची किंवा मेक्सिकोच्या खेड्यातली आहे. तिच्यावर देखरेख करणारा पंचविशीतला तरुण इंग्रजी भाषक आहे. त्याने मेहनत करून काही स्पॅनिश शब्द शिकून घेतले आहेत : ‘लिंपिया’, म्हणजे स्वच्छ कर, ‘रापिदो’, म्हणजे लवकर, ‘बेन आकी’, म्हणजे इकडे ये. घरकाम, बागकाम किंवा बांधकाम करून घेणाऱ्या मालकांसाठी अशा वाक्यांच्या पुस्तिकाही मिळतात. आपण त्यांच्या भाषेत बोलतो, असे त्याला प्रामाणिकपणे वाटते आणि त्याचा थोडा अभिमानही वाटतो. पण त्या स्त्रीच्या कानांवर काय पडते? नातवाच्या वयाचा मुलगा, सकाळचे ‘बुएनोस दियास’ न म्हणता, तिला एकेरीत हुकूम सोडतो आहे.

हा प्रसंग आपणांस समजावून सांगण्याची गरज नाही. पांढऱ्या केसांच्या आपल्या आजोबांना पाटलाच्या घरचे शेंबडे पोर ‘अरे-तुरे’ करत असे, ही गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली गेली आहे. त्या एका सर्वनामात किती अपमान मावतो, हे जगातील कोणत्याही व्याकरणकारापेक्षा आपण अधिक जाणतो. म्हणूनच आपल्या चळवळीने प्रत्येकाला ‘आयुष्मान’ आणि ‘आयुष्मती’ म्हणण्याची प्रथा पाडली. इंग्लंडमधील क्वेकर पंथीयांनी समतेसाठी उलट मार्ग धरला होता. त्यांनी मोठ्यामोठ्यांनाही एकेरीत संबोधले. त्यांनी वरच्यांना खाली आणले, आपण खाली ढकललेल्यांना वर उचलले. दोन्ही मार्गांचे ध्येय एकच. तेव्हा स्पॅनिश शिकणाऱ्या इंग्रजी भाषकाने पहिल्या धड्यात ‘उस्तेद’ शिकावे आणि कष्टाचे काम करणाऱ्या माणसाशी बोलताना तेच वापरावे, असे मी आग्रहाने म्हणेन. समोरच्या माणसाने स्वतःहून ‘तू’ म्हणण्याची मोकळीक दिली, तर ‘तू’ जवळिकीचा होतो. न मागता घेतलेला ‘तू’ मालकीचा असतो.

अर्थात याचा सरसकट नियम करता येत नाही. स्पेनमध्ये आज अनोळखी माणसांतही ‘तू’ मोकळेपणाने वापरला जातो. अर्जेंटिनात ‘तू’च्या जागी ‘बोस’ आहे. कोलंबियाच्या काही भागांत घरातील माणसेही एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणतात आणि त्यात दुरावा नसतो. मेक्सिकोत हाक मारल्यावर किंवा नीट ऐकू आले नाही तर ‘मांदे’ म्हणण्याची रीत आहे. शब्दार्थ ‘आज्ञा करा’. त्यात वसाहतकाळातील दास्याचा वण आहे, तो शब्द टाकून द्यावा, असे तेथील काहीजण म्हणतात. इतरांना ते आईने शिकवलेले साधे सौजन्य वाटते. आपल्याकडे ‘जोहार’ या शब्दाची अशीच गोष्ट आहे. आपल्या पूर्वजांच्या तोंडी तो लाचारीने बसवला गेला होता, म्हणून आपण तो टाकला आणि ‘जय भीम’ स्वीकारला. आदिवासी बांधवांमध्ये मात्र तोच शब्द आजही सन्मानाने उच्चारला जातो. शब्द एकच, इतिहास दोन. ‘मांदे’ ठेवावा की टाकावा, हे मेक्सिकोच्या लोकांनी ठरवायचे आहे. परक्याने त्यावरून कोणाला नम्र किंवा लाचार ठरवू नये.

प्रदेशपरत्वे शब्द बदलतात, हीही शिकणाऱ्याची नित्याची तक्रार. बसला स्पेनमध्ये ‘आउतोबूस’, मेक्सिकोत ‘कामियोन’, अर्जेंटिनात ‘कोलेक्तीवो’ आणि क्यूबात ‘ग्वाग्वा’ म्हणतात. हाच ‘ग्वाग्वा’ चिलीत तान्हे बाळ होतो! ‘ग्वाग्वा’ची वाट पाहत उभ्या असलेल्या क्यूबन माणसाला चिलीत केवढे प्रश्न विचारले जातील याची कल्पनाच केलेली बरी. यांतील शुद्ध शब्द कोणता, असा प्रश्न इंग्रजी भाषक विद्यार्थी शिक्षकांना विचारतात. याचे उत्तर मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्तात फार पूर्वी देऊन ठेवले आहे. एकाच भांड्याला एका जनपदात ‘पाती’, दुसऱ्यात ‘पत्त’, आणखी कोठे ‘सराव’, तर कोठे ‘पोण’ म्हणतात. माझाच शब्द खरा, बाकीचे व्यर्थ, असा हट्ट धरल्याने कलह वाढतो. त्या त्या ठिकाणचे लोक ज्या शब्दाने ती वस्तू ओळखतात, त्या शब्दाने अनासक्तपणे बोलावे, असा त्या उपदेशाचा आशय आहे. स्पॅनिश शिकणाऱ्या कोणालाही याहून चांगला सल्ला मिळणार नाही. भाषेचा आग्रह सोडणे हा तेथे शांततेचा मार्ग म्हणून सांगितला आहे, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

यावर कोणी म्हणेल, की आता खिशातल्या फोनवर क्षणात भाषांतर मिळते. एवढा खटाटोप कशाला? फोन औषधाच्या बाटलीवरील सूचना वाचून दाखवील, रस्ता सांगेल. त्याचा उपयोग अवश्य करावा. पण सहकाऱ्याची आई वारल्यावर त्याच्याशी काय बोलावे, कोणाला ‘तू’ म्हणावे आणि कोणाला ‘उस्तेद’, ‘आओरीता’ ऐकल्यावर थांबावे की निघावे, हा विवेक माणसांत राहूनच येतो. शिवाय परक्याने अडखळत का होईना आपल्या भाषेत विचारपूस केली, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो, तो यंत्राच्या आवाजाने पडत नाही. त्या अडखळण्यात ‘तुमच्यासाठी मी चुकायला तयार आहे’ ही कबुली असते. अहंकार थोडा झिजल्याशिवाय ती देता येत नाही.

इंग्रजी भाषकांच्या अडचणींची ही चर्चा त्यांना कमी लेखण्यासाठी केलेली नाही. साचा प्रत्येक भाषेला असतो, तसा तो मराठीलाही आहे. परंतु आपल्या वसतिगृहांतील मुलांकडे पाहताना एक गोष्ट मनाला बोचते. परदेशी भाषा म्हणजे इंग्रजीच्या दारातूनच जायची वाट, आणि ज्याचे इंग्रजी कच्चे त्याला ती वाट बंद, असे ही मुले मानून बसतात. गावाकडची आपली बोली तर त्यांना लपवण्याची वस्तू वाटते. वस्तुस्थिती अशी, की ‘मे गुस्ता’, ‘से मे कायो’, ‘तू’ आणि ‘उस्तेद’ या पायऱ्यांवर इंग्रजी भाषक अडखळतो, तेथे मराठी मुलाचे पाऊल सहज पडते. स्पॅनिशमधील स्वच्छ, न गिळलेले पाच स्वर त्याच्या ओळखीचे आहेत. इंग्रजी भाषकाची जीभ ‘त’ आणि ‘द’ यांच्यासाठी दातांपर्यंत सहजी पोहोचत नाही. आपल्या मुलाला ‘त’ आणि ‘ट’ यांतील फरक अंगणवाडीत येतो. ‘शर्करा’ फारसी-अरबीतून प्रवास करून स्पेनमध्ये ‘आसूकार’ झाली, ‘नारंग’ तेथे ‘नारांहा’ झाले. आपण जिला परकी म्हणतो तिच्या स्वयंपाकघरात आपले शब्द कितीतरी शतकांपूर्वी जाऊन बसले आहेत.

विनयपिटकातील चुल्लवग्गात, बुद्धवचन छंदस भाषेत बांधण्याची विनंती भगवंतांनी नाकारल्याची आणि ते ‘सकाय निरुत्तिया’ शिकण्याची अनुज्ञा दिल्याची कथा आहे. तिचा अर्थ बहुतेक आधुनिक अभ्यासक ‘आपापल्या बोलीत’ असा घेतात. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले गेले नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली; पुढे त्यांनी संस्कृतचा स्वतः अभ्यास केला आणि पालीचा शब्दकोशही सिद्ध केला. आपली भाषा हीन नाही आणि कोणतीही परभाषा आपल्याला निषिद्ध नाही, हे दोन्ही धडे आपल्याला याच वारशातून मिळालेले आहेत.

म्हणून आपल्या शाळांतील शिक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते. परभाषा शिकवताना तिची तुलना मुलांच्या मराठीशी, त्यांच्या घरच्या बोलीशी करावी. आज्ञार्थाच्या आधी अभिवादन शिकवावे. कोणाला कसे संबोधावे, हे व्याकरणाचे परिशिष्ट न मानता पहिला धडा मानावे. आपली मुले उद्या कोठेही गेली, स्पॅनिश बोलणाऱ्यांत गेली किंवा आणखी कोणांत, आणि तेथे त्यांच्या हाताखाली कोणी माणसे काम करू लागली, तर त्या माणसांना आपल्या मुलांच्या तोंडचा पहिला शब्द आदराचा ऐकू यावा. ज्यांच्या आजोबांना तो शब्द आयुष्यभर ऐकायला मिळाला नाही, त्यांच्याकडून तेवढी अपेक्षा करणे अवाजवी ठरू नये.